कागद बघून बोलणाऱ्याला हसू नका

कुणी कागद हातात घेऊन माइकसमोर उभं राहिलं की मागच्या रांगेतून एक आवाज हमखास येतो, "अहो, वाचून काय दाखवताय, मनातलं बोला की!" मग खसखस पिकते. बोलणारा गोरामोरा होतो, कागदाची घडी घालून खिशात टाकतो आणि दोन मिनिटांत "जय हिंद, जय महाराष्ट्र" करून खाली बसतो. ग्रामसभा असो, सोसायटीची वार्षिक सभा असो, पतसंस्थेची असो, नाहीतर शाळेतला १५ ऑगस्ट असो. हे तुम्हीही पाहिलंय, मीही पाहिलंय.

आज या टोमण्याबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण विषय नुसता भाषणकलेचा नाही. गावात कोण बोलू शकतं, कुणाचा आवाज दाबला जातो आणि आपल्या पैशाचा हिशेब आपल्याला नीट ऐकायला मिळतो की नाही, इथपर्यंत तो जातो. म्हणून चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

मी आपल्या भागात बरीच वर्षं सूत्रसंचालन करतोय. लग्नापासून श्रद्धांजली सभेपर्यंत आणि हळदीकुंकवापासून आमदारांच्या सत्कारापर्यंत. शेकडो भाषणं स्टेजच्या कडेला उभं राहून ऐकली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. जो बिनकागदाचा धडाधडा बोलतो तो खरा वक्ता आणि जो वाचतो तो कच्चा, हे आपलं गणित चुकीचं आहे. आणि या चुकीच्या गणिताची किंमत आपण सगळे मोजतोय.

हे गणित कुठून आलं तेही समजू शकतं. महाराष्ट्र हा सभांचा प्रदेश. आचार्य अत्रे शिवाजी पार्कावर उभे राहिले की हजारो माणसं तासन् तास हलायची नाहीत, हे आपण आजोबांकडून ऐकलंय. कीर्तनकार समोर पान न ठेवता दोन तास रंग भरतो. त्यामुळे बोलणं म्हणजे उत्स्फूर्त, असं मनात बसलं. त्यात चूक काही नाही. पण अत्रे एकच होते. त्यांच्यासारखं बोलायला जाणारे शंभर निघाले, आणि त्या शंभरांनी माइक हातात घेऊन काय दिलं? टाळीची वाक्यं, समोरच्या पक्षाची टिंगल, "येत्या काळात तालुक्याचा कायापालट करू" आणि दोन शेर. रस्त्याला किती पैसे आले, किती खर्चले, काम कधी संपणार, यातलं एक अक्षर नाही. घरी जाताना माणूस म्हणतो, "काय बोलला राव!" काय बोलला ते विचारा, सांगता येत नाही.

वर दुसऱ्या दिवशी पेपरला काही छापून आलं की ठरलेला खुलासा असतो, "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला." लिहून आणलेलं भाषण वाचलं असतं तर विपर्यास करायला जागाच राहिली नसती. कागद समोर ठेवला असता, विषय संपला असता. म्हणून तर काहींना कागद नको असतो, अशी मला दाट शंका आहे.

आता उलट बाजू बघा. वाचणं आपल्याला परकं आहे का? श्रावणात देवळात पोथी लागते. वाचणारा पोथीवर नजर ठेवून वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, गाव ऐकतं. कधी कुणी म्हटलंय का, "बुवा, पोथी मिटा, मनातलं सांगा"? आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. तिथला प्रत्येक शब्द कागदावरून वाचलेला. आणि वाचणारा असा, की आपल्याशीच बोलतोय असं वाटावं. म्हणजे वाचून बोलणं आपल्याला चालतं, आवडतंही. आवडत नाही ते वाईट वाचणं. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो.

मोठी उदाहरणं घ्या. २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थमंत्री म्हणून पहिला अर्थसंकल्प मांडला. आवाज मऊ, चढउतार कमी, भाषण कागदावरून वाचलेलं. आज तीस वर्षांनंतरही देशाची दिशा बदलणारं भाषण म्हणून त्याचं नाव निघतं. का? तर त्या कागदात मजकूर होता. त्या काळात टेबलं वाजवायला लावणारी किती उत्स्फूर्त भाषणं झाली असतील, त्यातली किती आठवतात?

त्याहून मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यांना आपल्या वार्षिक अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषण आधी लिहून काढलं. मंडळींनी ते वाचलं आणि काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशनच रद्द झालं, भाषण झालंच नाही. पण ते लिहिलेलं होतं! त्यांनी ते स्वतः छापलं, आणि न दिलेलं ते भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावानं आज जगभर वाचलं जातं. ते भाषण नुसतं मनात असतं, तर कार्यक्रमाबरोबर तेही बुडालं असतं. लिहिलेला शब्द माइक काढून घेतला तरी मरत नाही.

आपल्या साहित्य संमेलनातही हीच रीत आहे. अध्यक्षांचं भाषण छापील असतं. २०१९ साली यवतमाळच्या संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्‌घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्या आल्या नाहीत, पण त्यांचं लिहून ठेवलेलं भाषण महाराष्ट्रभर फिरलं. मांडवात जेवढ्यांनी ऐकलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी वाचलं. त्यांचं मत पटो न पटो, कागदाची ताकद कळते.

आणि घटनेचंच बघा की. कलम १७६ नुसार दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राज्यपाल अभिभाषण करतात. ते भाषण मंत्रिमंडळ ठरवतं आणि राज्यपाल वाचतात. त्यातला शब्द न् शब्द सरकारची जबाबदारी असतो. ९ जानेवारी २०२३ ला तामिळनाडूत राज्यपाल आर. एन. रवी यांनी तयार भाषणातले काही भाग वगळले, तर तिथल्या तिथे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ठराव मांडला की मूळ लिखित मजकूरच कामकाजात घ्यावा. राज्यपाल सभागृहातून निघून गेले. कोण बरोबर कोण चूक, तो वाद वेगळा. मुद्दा हा, की तिथे कागदावरून भांडण होऊ शकलं कारण कागद होता.

एवढं सगळं कागदाच्या बाजूनं लिहिलं. आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल वकिली चालली आहे.

लोक वाचणाऱ्याला हसतात त्याला कारण आहे. बहुतेक जण भयंकर वाचतात. मान खाली ती वर येत नाही. एका सुरात, रेशनच्या यादीसारखं. पान उलटताना वाक्य मध्येच तुटतं. 'अध्यक्ष महोदय' म्हणायच्या जागी पाहुण्याचं नाव चुकतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाषण दुसऱ्यानं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्यानं ते स्टेजवरच पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

याचा कळस फेब्रुवारी २०११ मध्ये झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा बोलायला लागले आणि समोरच्या गठ्ठ्यातलं पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण वाचत सुटले. सुमारे तीन मिनिटं! शेवटी आपल्या प्रतिनिधींनी थांबवलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आपलं भाषण वाचलं. सगळा देश हसला. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. तीन मिनिटं दुसऱ्याचं भाषण आपलं म्हणून खपू शकतं, म्हणजे अशा भाषणांची सुरुवात किती गुळगुळीत असते बघा. आपल्याकडच्या सत्काराच्या भाषणांची पानं अदलाबदल केली तर कुणाच्या लक्षात येईल का? भाषण असं लिहा की ते फक्त तुमच्याच गावात, तुमच्याच तोंडी शोभेल.

दुसरं उदाहरण घरचं. २६ फेब्रुवारी २०१८, मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशनाचा पहिला दिवस. राज्यपालांचं अभिभाषण सुरू झालं आणि आमदारांच्या कानात मराठी अनुवादच येईना. गदारोळ झाला. शेवटी मंत्री विनोद तावडे स्वतः अनुवादाच्या कक्षात गेले आणि मराठी मजकूर वाचू लागले. मुख्यमंत्र्यांना सभागृहात माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन होता! कागद तयार असणं पुरेसं नाही, तो ऐकणाऱ्याच्या भाषेत आणि त्याच्या कानापर्यंत पोचला पाहिजे, हे यातून शिकावं.

तर मग चांगलं वाचायचं कसं? मला इतक्या वर्षांत जे कळलं ते सांगतो. यात जादू काही नाही, ज्याला चौथीचं पुस्तक वाचता येतं त्याला हे जमतं.

पहिली गोष्ट, कानासाठी लिहा. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्य लांबलं की ऐकणारा लटकून राहतो. उदाहरण देतो. "गेल्या आर्थिक वर्षात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून मुख्य रस्त्यालगतच्या गटारांच्या बांधकामासाठी मंजूर झालेल्या रकमेपैकी काही रक्कम तांत्रिक कारणास्तव खर्च होऊ शकलेली नाही." हे ऐकताना झालं की नाही झालं, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तोवर अर्धा मांडव मोबाइलमध्ये. हेच असं लिहा : "गटारांसाठी पैसे मंजूर झाले. ते सगळे खर्च झाले नाहीत. का झाले नाहीत, ते सांगतो." लगेच माना वर होतात. 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात येत आहे' हे शब्द पत्रव्यवहारात ठेवा, माइकवर नको.

दुसरी गोष्ट, आकडे. ४,७९,५६० असं कागदावर छान दिसतं, पण बोलताना भल्याभल्यांची जीभ एकोणऐंशीला अडखळते. आकडा अक्षरात लिहा. आणि ऐकणाऱ्यासाठी सोपा करा, "सुमारे चार लाख ऐंशी हजार. अचूक आकडा या कागदावर आहे, कुणीही येऊन बघावा." या एका वाक्यानं जो विश्वास बसतो तो तासाभराच्या गर्जनेनं बसत नाही.

तिसरी गोष्ट, कागद कसा करायचा. अक्षर मोठं, चष्म्याशिवाय दिसेल एवढं. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. पानाला ठळक नंबर टाकायचा, म्हणजे वाऱ्यानं उडालं तरी जुळवता येतं. पिना मारायच्या नाहीत, वाचून झालेलं पान हळूच मागे सरकवायचं. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. पानाचा खालचा भाग कोरा सोडायचा, कारण खालपर्यंत लिहिलं की मान छातीला टेकते आणि आवाज कागदात जातो. जिथे श्वास घ्यायचाय तिथे ओळ तोडायची. उघड्यावर कार्यक्रम असेल तर मुलांचं परीक्षेचं पॅड घ्या, क्लिप लावा. दहा वर्षं मी तेच वापरतोय.

ओळ तोडण्याची युक्ती माझी नाही. विन्स्टन चर्चिल असंच करायचे. तरुणपणी ते भाषणं पाठ करून जायचे. १९०४ साली ब्रिटिश संसदेत बोलता बोलता धागा सुटला, पुढचं आठवेना आणि ते तसेच खाली बसले. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी भाषणाचा मजकूर हातात ठेवला. तोही कवितेसारखा, छोट्या छोट्या ओळींत उतरवलेला, म्हणजे कुठे थांबायचं ते डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या भाषणांनी एक देश उभा राहिला असं म्हणतात, तो माणूस कागद घेऊन उभा राहत होता. आणि आपण सरपंचाला कागदावरून हसतो!

चौथी गोष्ट, नजर. हा सगळ्यात मोठा नियम आणि एका ओळीत सांगता येतो : मान खाली असताना तोंड बंद. खाली बघा, एक तुकडा डोळ्यांनी उचला, मान वर करा, समोरच्या माणसाकडे बघून तो बोला, थांबा. पुन्हा खाली. सुरुवातीला हे थांबणं तुम्हाला फार लांब वाटेल. ऐकणाऱ्याला ते अजिबात लांब वाटत नाही, उलट विचार करून बोलतोय असं वाटतं. डाव्या हाताचा अंगठा चालू ओळीवर ठेवा, म्हणजे जागा हरवत नाही.

पाचवी गोष्ट, पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा. बाकी सगळं कागदावर राहू द्या. सुरुवात डोळ्यांत बघून झाली की लोक तुम्हाला पुढची दहा मिनिटं माफ करतात. आणि मान्यवरांच्या नावांची यादी वेगळ्या चिठ्ठीवर ठेवा, ऐन वेळी कोण आलं कोण नाही त्याप्रमाणे काट मारा. नाहीतर न आलेल्या तहसीलदारांचं स्वागत होतं, हे मी दोनदा ऐकलंय.

सहावी गोष्ट, मोठ्यानं वाचून बघा. मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे. घरात, गोठ्यात, गच्चीवर, कुठेही, पण तोंडानं, निदान तीन वेळा. जिथे जीभ अडते तो शब्द बदला. घड्याळ लावा. साधारण मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात, म्हणजे पाच मिनिटांना पाच-सहाशे शब्द खूप झाले. त्याहून जास्त लिहिलं असेल तर कापा, लोक दुवा देतील.

सातवी, मोबाइलवरून वाचणाऱ्यांसाठी. शक्यतो नको. मध्येच फोन येतो, स्क्रीन काळी पडते, उन्हात काही दिसत नाही. फार मोठ्या लोकांचंही यंत्रावाचून अडतं. सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आरोग्य योजनेवर संसदेपुढे बोलायला उभे राहिले, तर समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर आधीचं, दुसरंच भाषण चढवलेलं! माणसं ते दुरुस्त करेपर्यंत काही मिनिटं ते तसेच बोलत राहिले, कारण विषय त्यांच्या डोक्यात पक्का होता. तुमचाही तसा पक्का असेल तर खुशाल मोबाइल घ्या. तरी एक कागद खिशात असू द्या.

आता कुणी म्हणेल, मग उत्स्फूर्त बोलायचंच नाही का? बोलायचं ना. श्रद्धांजलीला दोन शब्द बोलताना कागद काढला तर बरं दिसत नाही. वादविवादात समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं असतं, ते घरून लिहून कसं आणणार? ब्रिटिश संसदेत लिहिलेलं भाषण वाचणं शिष्टाचाराला धरून मानत नाहीत ते त्याचसाठी. पण हिशेब, धोरण, ठराव, वचन, या गोष्टी लिहूनच आणाव्यात. आणि गंमत अशी, की जो नीट लिहून येतो त्यालाच कागद सोडणं जमतं. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हातात लिहिलेलं भाषण होतं. त्यातला बराच भाग त्यांनी वाचला. जवळ बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी हाक दिली की त्या स्वप्नाबद्दल सांगा, आणि किंग कागद सोडून बोलू लागले. 'स्वप्न' हा जो भाग जगाला माहीत आहे तो त्या कागदावर नव्हता. पण तोही हवेतून आलेला नाही, आधीच्या सभांतून त्यांनी तो घोळवलेला होता. तयारी दांडगी होती म्हणून उत्स्फूर्तता जमली.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. म्हणजे निम्म्या गावांत बाई सरपंच असणार. त्यातल्या कित्येकींनी निवडून येईपर्यंत आयुष्यात माइक हातात धरलेला नसतो. त्या कागद घेऊन उभ्या राहतात आणि आपला तो टोमणा येतो. हा टोमणा पुरुषाला लागला तर तो फार तर ओशाळतो. बाईला लागला तर तिचा माइक जातो.

आमच्या शेजारच्या एका गावात झालेलं सांगतो, नाव घेत नाही. नव्या सरपंच ताई पहिल्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा कागद वाचायला लागल्या. चौथ्या ओळीला मागून आवाज आला, "वहिनी, कागद ठेवा, मनातलं बोला!" हशा. ताई थांबल्या. यजमान पुढं आले, माइक घेतला आणि वीस मिनिटं बोलले. फार छान बोलले म्हणे. पाइपलाइन किती मीटर झाली आणि बिल कितीचं निघालं, ते मात्र त्या दिवशी गावाला कळलं नाही.

पुढच्या ग्रामसभेआधी ताई मला एका लग्नात भेटल्या. म्हणाल्या, "दादा, माझं पाठांतर होत नाही. कागदावरून वाचलं तर चालेल का?" मी म्हटलं, "ताई, चालेल काय, पळेल! फक्त अक्षर मोठं काढा आणि मान खाली असताना बोलू नका." भाषण मी लिहून दिलं नाही, तेही सांगतो. त्यांनीच ग्रामसेवकाकडून कागद मागवले, स्वतः लिहिलं, मुलीला समोर बसवून चार दिवस वाचलं.

त्या सभेला मी मुद्दाम गेलो होतो. उभं राहताच त्यांनी सांगून टाकलं, "मी वाचून दाखवणार आहे, कारण आकडे तुमच्या पैशाचे आहेत आणि ते चुकायला नकोत." मागची रांग गप्प! सात-आठ मिनिटं वाचलं. टाकी, पाइप, मोटर, बिल, शिल्लक. मग एकानं विचारलं की मोटरची दुरुस्ती दोनदा कशी काय लागली. ताईंनी पान मागे घेतलं, तारखा सांगितल्या, पावत्या ग्रामपंचायतीत बघायला मिळतील म्हणाल्या. विचारणारा नंतर येऊन पावत्या बघूनही गेला. यजमान शेवटपर्यंत खुर्चीवरच होते.

टाळ्या फार पडल्या नाहीत. पण माझ्या मते त्या वर्षात आपल्या भागात झालेलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं.

म्हणून माझं तीन ठिकाणी मागणं आहे.

ग्रामसभेला जाणाऱ्या मंडळींनो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जेव्हा कधी सभा असेल तेव्हा सरपंच, सदस्य कुणीही वाचत असेल तर मध्ये बोलू नका. हसणारा शेजारी बसला असेल तर त्याला कोपरानं ढोसा. वाचून संपल्यावर प्रश्न विचारा, हवे तेवढे विचारा. माणसाला विषय कळलाय की दुसऱ्याचं लिहिलेलं वाचलंय, ते पहिल्या प्रश्नालाच कळतं. आणि त्या कागदाची प्रत इतिवृत्ताला जोडा म्हणा. पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन विचारता येईल, "ताई, मागच्या वेळी मार्चपर्यंत म्हणाला होता, कुठवर आलं?"

नेतेमंडळींनो, तुमच्या बोलण्याची जादू आम्हाला मान्य आहे. पण वर्षातून एकदा तरी, आपल्या मतदारसंघात काय केलं आणि काय राहिलं, हे लिहून आणा, वाचा आणि तो कागद लोकांना द्या. जे लिहायला हात धजत नाही, ते बोलायला तोंड धजतं म्हणून बोलू नका.

आणि शिक्षकांनो, पालकांनो, तुम्हाला हात जोडून. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून सुरू होणारं, बाबांनी लिहिलेलं भाषण पोरगं पोपटासारखं पाठ करतं. तिसऱ्या ओळीला विसरतं, रडवेलं होतं आणि पुढची वीस वर्षं माइकला घाबरतं. वक्तृत्व स्पर्धा घ्या, पण तिच्या जोडीला स्वतः लिहून स्वतः वाचण्याचीही एक स्पर्धा घ्या. चार ओळी लिहू द्या, पण त्याच्या स्वतःच्या. आमच्या शाळेच्या नळाला पाणी येत नाही, एवढं जरी त्यानं लिहून खणखणीत वाचलं तरी पुष्कळ आहे. उद्या तेच पोर ग्रामसभेत उभं राहणार आहे.

तुमच्या गावात कोण चांगलं वाचून बोलतं, ते खाली जरूर लिहा. आणि घरात कुणी पहिल्यांदाच बोलायला उभं राहणार असेल, तर ही पोस्ट त्यांना दाखवा, अक्षर मोठं काढायला सांगा आणि परीक्षेचं पॅड शोधून द्या.